‘पाणी आलंय, वर चला’ : डिमेन्शिया झालेल्या आजींच्या घरगुती शुश्रूषेचे पुण्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील आजी ८३ वर्षांच्या आहेत. सहकारनगरमधील एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्या राहतात. वरच्या मजल्यावर मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारी नात राहते. मुलगी लग्नानंतर नाशिकला गेली, आणि यजमान काही वर्षांपूर्वी वारले. आजींनी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवले. घरातील माणसांची ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत, परंतु आजार, औषधे, घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर झालेला विचार जसाच्या तसा मांडला आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर प्रकारचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू घटवणारा मेंदूचा आजार, असल्याचे निदान झाले. या प्रकरणाच्या सुरुवातीला आजार मध्यम टप्प्यावर होता. त्या माणसे ओळखत, हाताने जेवत, सकाळी देवपूजा करत; पण आजचा वार, नुकताच घेतलेला चहा किंवा नातीचे शिक्षण यांपैकी काही त्यांच्या लक्षात राहत नसे. औषधे मोजकीच होती: रक्तदाबाची एक गोळी आणि स्मृतीसाठी डोनेपेझिल, जी आधी ५ मिलिग्रॅम होती आणि त्या वर्षीच्या मार्चपासून १० मिलिग्रॅम करण्यात आली होती. ती रात्री झोपताना दिली जात असे.

मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे घरच्यांनी ब्यूरोमार्फत, म्हणजे घरी रुग्णांची काळजी घेणाऱ्या बायका पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, चोवीस तासांची एक ताई ठेवली होती. वय चाळिशीच्या पुढे, राहायला जनता वसाहतीत, शिक्षण नववीपर्यंत. ब्यूरोने त्यांना रक्तदाब मोजणे, डायपर बदलणे, अंग पुसणे, भरवणे आणि कूस बदलणे शिकवले होते. डिमेन्शिया झालेल्या माणसाशी कसे वागावे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. ही उणीव त्या एका ब्यूरोपुरती नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांतील बहुतेकांचे सारे आयुष्य घरातच जाते आणि त्यांची रोजची काळजी घरच्या बायका किंवा अशा ताईच घेतात. आजाराचे प्रशिक्षण मात्र त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचते.

मी परिचारिका आहे आणि घरोघरी काम करणाऱ्या ताईंना मार्गदर्शन करते. या घरी माझे जाणे आठवड्यातून एकदा होत असे. पहिल्याच भेटीत मी ताईंना एक दोनशे पानी वही दिली आणि रोज चार गोष्टी लिहिण्यास सांगितले: झोप किती झाली, खाणे-पिणे काय झाले, शौच-लघवी कधी झाली, आणि काही वेगळे वागणे दिसले तर त्याच्या आधी घरात काय चालले होते. या चौथ्या नोंदीने पुढे संपूर्ण प्रकरणाला दिशा दिली.

प्रश्न कसा उभा राहिला

जूनच्या अखेरीपर्यंत सारे सुरळीत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आजींच्या संध्याकाळा बिघडू लागल्या. दिवेलागणीच्या सुमारास त्या अस्वस्थ होऊन खोलीत येरझाऱ्या घालत, खिडकीशी कान देत आणि मग ताईंचा हात ओढून म्हणत, ‘अगं पाणी आलंय, वर चला, सामान उचला.’ कोणी समजावू लागले की आवाज चढे. एकदा त्या पायात चप्पल न घालता फाटकापर्यंत गेल्या. रात्री त्या तीन-चार वेळा उठत, भिंतीला धरून चालत, आणि दोन वेळा न्हाणीघरापर्यंत पोचण्याआधीच कपडे ओले झाले. दुपारी मात्र त्या खुर्चीतच पेंगत.

पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘पाणी आलंय’ या शब्दांमागचा संदर्भ सांगावा लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी तेव्हा विशीत होत्या आणि त्यांचे माहेर नारायण पेठेत होते. सहकारनगरच्या घरात त्या आल्या पुष्कळ नंतर, लग्न झाल्यावर. नवी आठवण टिकत नाही तेव्हा जुनी, भीतीने कोरलेली आठवण वर येते, हे या आजारात वारंवार दिसते. त्यामुळे घरच्यांनी या बदलाचा अर्थ सरळ लावला: आजार पुढच्या टप्प्यावर गेला, पावसाळा आला, आजींना पूर आठवू लागला.

हा अर्थ निम्माच बरोबर होता. डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी उतरत जातो. दहा-बारा दिवसांत माणूस इतका बदलला, तर त्यामागे दुसरे काही कारण आहे असे गृहीत धरूनच शोध घ्यावा लागतो: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणे, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवे औषध. रुग्ण ‘मला दुखतंय’ असे सांगू शकत नाही, ते त्याच्या वागण्यातून बाहेर येते. या घरात हा शोध जवळजवळ तीन आठवडे सुरू झाला नाही, कारण मधेच एक वेगळाच वाद उभा राहिला.

पाटल्यांचे प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आजींच्या हातातील सोन्याच्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. आजींनीच सांगितले, ‘या बाईने नेल्या.’ सूनबाईंनी ताईंना पिशवी उघडून दाखवायला सांगितले, तेही आजींच्या देखत. ताईंनी पिशवी उघडून दाखवली, त्यात काही निघाले नाही. पण त्या रात्री त्यांनी मला फोन करून सांगितले, ‘मॅडम, मी उद्यापासून येत नाही. आजारी माणूस बोललं त्याचं मला काही वाटत नाही. वहिनींनी पिशवी बघितली, ते लागलं.’

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. या टप्प्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळणे आवश्यक होते. चोरीचा आळ हे या आजाराचे अतिशय सामान्य लक्षण आहे. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग ती कोणीतरी नेली असे मन ठरवते, आणि जी व्यक्ती सर्वांत जवळ वावरते तिच्यावरच संशय जातो. घरच्यांनी त्या आळावर विश्वास ठेवणे मात्र आजाराचे लक्षण नव्हे, आणि त्याची जबाबदारी घरच्यांनी घ्यायला हवी. मी हे सूनबाईंना स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनी ते मान्य केले आणि ताईंशी स्वतः बोलल्या. तेवढ्यावर ताई थांबल्या, तरी आणखी आठवडाभर त्या आजींच्या कपाटाजवळ एकट्या जात नसत.

पाटल्या चार दिवसांनी सापडल्या, त्याही ताईंनाच. स्वयंपाकघरातील सर्वांत वरच्या फळीवर, आजींचा हात कसाबसा पोचेल अशा उंचीवर, एका पितळी डब्यात त्या ठेवलेल्या होत्या. त्याच डब्यात शिधापत्रिका, यजमानांचे घड्याळ आणि पूजेची छोटी पोथीही होती. ताईंनी वहीत लिहिले: ‘आजी वस्तू लपवत नाहीत. वर ठेवतात. पाणी येणार म्हणून.’

आजी नेमके काय करत होत्या, हे या नोंदीतून पहिल्यांदा नीट कळले. तोपर्यंत घरात पूर, चोरी, रात्रीचे उठणे आणि कपडे ओले होणे या चार वेगळ्या तक्रारी मानल्या जात होत्या. या नोंदीनंतर त्या एकत्र ठेवून पाहण्यास सुरुवात झाली.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या अखेरीस मुलगा, सून, ताई आणि मी असे चौघे बसलो. नाशिकची मुलगी फोनवर होती. समोर चार मार्ग होते.

पहिला मार्ग ताई बदलण्याचा होता. ब्यूरो दोन दिवसांत दुसरी बाई पाठवायला तयार होता. मी याला विरोध केला. आजींच्या सवयी जाणणारे, त्यांना न्हाऊ घालू शकणारे आणि नोंदी ठेवणारे माणूस काढून टाकले असते, तर कारणाचा शोध घेण्याचे एकमेव साधन हातचे गेले असते. शिवाय अनोळखी चेहऱ्याने आजींची भीती आणखी वाढली असती.

दुसरा मार्ग शांत करणाऱ्या गोळीचा. ओळखीच्या एका डॉक्टरांनी रुग्णाला न पाहता फोनवर अशी गोळी सुचवली होती आणि मुलाने ती आणूनही ठेवली होती. ताईंनी ती दिली नाही. ‘चिठ्ठीवर लिहून आणा दादा, मग देते,’ एवढेच त्या म्हणाल्या. ताईंची ही भूमिका अगदी योग्य होती आणि ती घेण्यासाठी धैर्य लागते, कारण चोवीस तासांच्या कामावरील बाईने घरमालकाला नकार दिला की काम जाण्याची भीती असते. मनोविकारांवरील या प्रकारच्या औषधांमुळे डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ साली या औषधांवर छापणे बंधनकारक केले. पक्षाघाताचा धोका वाढतो, तोल जाऊन पडणेही वाढते. तरीही ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, दुसरे सर्व उपाय करून झाले असतील, तर तज्ज्ञ डॉक्टर ती अल्प मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी देतात. आजींच्या बाबतीत पहिली अटच पूर्ण होत नव्हती.

तिसरा मार्ग संध्याकाळी बाहेरून कुलूप लावण्याचा. फाटकापर्यंत गेल्याच्या प्रसंगामुळे मुलगा घाबरला होता आणि त्याची भीती खरी होती. परंतु पूर येत आहे असे वाटणाऱ्या माणसाला कोंडून ठेवल्यास काय होईल, हे सांगायला नको. आगीच्या किंवा पडल्याच्या प्रसंगी कुलूपबंद खोली प्राणघातकही ठरू शकते.

चौथा मार्ग असा होता की सर्व नोंदी, सर्व औषधे आणि सर्व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायच्या आणि ताईंना सोबत न्यायचे. तो निवडला गेला. मुलाने सुरुवातीला शंका काढली की ताई येऊन काय सांगणार. मी त्यांना एवढेच विचारले की परवा रात्री आजी किती वाजता उठल्या, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे. ठाऊक फक्त ताईंनाच होते.

वहीतून काय दिसले

डॉक्टरांकडे जाण्याआधी मी आणि ताईंनी एका दुपारी बसून मागील दोन महिन्यांच्या नोंदी तारखेनुसार लावल्या. त्यातून जी साखळी दिसली, ती या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

मार्चमध्ये डोनेपेझिलची मात्रा दुप्पट झाली. एप्रिल-मेमध्ये आजींना लघवीची घाई होऊ लागली. डोनेपेझिलचा हा ज्ञात परिणाम आहे, परंतु घरात तो वयाचा भाग समजला गेला. जूनच्या अखेरीस घरच्यांनी त्यांना मूत्रविकारतज्ज्ञांकडे नेले. तेथे मूत्राशय शिथिल करणारी एक गोळी सुरू झाली. ती चिठ्ठी वेगळ्या फायलीत लागली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताईंच्या वहीत ‘आज शौचाला नाही’ अशा नोंदी एकामागून एक दिसतात, सोबत ‘तोंड कोरडं, पाणी मागतात’ असेही आहे. दुसऱ्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली गेली आणि ती पाच दिवस चालली. त्याच आठवड्यात पहिल्यांदा ‘पाणी आलंय’ ही नोंद सापडते.

यामागील कार्यकारण समजून घेण्यासारखे आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतील ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन कमी पडते. डोनेपेझिल त्याचे विघटन रोखून त्याचे प्रमाण टिकवते. हेच रसायन मूत्राशयाला आकुंचन पावण्याचा संदेशही देते, म्हणून काहींना लघवीची घाई होते. त्यावर दिली जाणारी जुनी, प्रचलित गोळी नेमका ॲसिटिलकोलीनचाच परिणाम अडवते. अशा रीतीने एक गोळी जे वाढवण्यासाठी दिली जाते, तेच दुसरी गोळी रोखते. मेंदूत गोंधळ वाढतो, आतडी मंदावतात, तोंड कोरडे पडते. सर्दीवरील अनेक साध्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांतही हाच गुण असतो. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी समोरच्या तक्रारीवर उपचार केले होते. दोघांच्या चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी कोणत्याही तपासणीत सापडली नसती. पुराची भीती रोज साधारण एकाच वेळी, साडेसहा ते सातच्या दरम्यान सुरू होत असे, आणि पाऊस नसलेल्या दिवशीही. ताईंनी ‘आधी काय चालले होते’ या रकान्यात बऱ्याच दिवशी लिहिले होते: ‘मोटर चालू.’ संध्याकाळी पालिकेचे पाणी आले की तळटाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवले जाई. टाकी भरली की वाहून जाणाऱ्या पाण्याचा नळ नेमका आजींच्या खिडकीबाहेर कोसळत असे. घरातील इतरांच्या कानांना तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो कोणाला ऐकूच येत नव्हता. अंधार पडत असताना, औषधांनी गोंधळलेल्या मेंदूला खिडकीबाहेर पाणी कोसळताना ऐकू येत होते. त्यातच वरच्या मजल्यावर दूरदर्शन संचावर खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवल्याच्या बातम्या चालू असत.

प्रत्यक्ष काय केले

डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली आणि बरेचसे प्रश्न थेट ताईंना विचारले. लघवीची तपासणी, सोडियम, साखर आणि थायरॉइड यांत काही दोष निघाला नाही. सोनोग्राफीत लघवीनंतरही मूत्राशयात बरेच मूत्र उरत असल्याचे दिसले. मूत्रविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्यांनी मूत्राशयाची गोळी बंद केली, डोनेपेझिल पुन्हा ५ मिलिग्रॅमवर आणले आणि ते रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर देण्यास सांगितले, कारण रात्री घेतल्यास काही रुग्णांना फार स्पष्ट, त्रासदायक स्वप्ने पडतात. बद्धकोष्ठासाठी सौम्य औषध दिले. सर्दीची गोळी पुन्हा न विचारता देऊ नये, असे चिठ्ठीवरच लिहिले.

औषधे कमी करताना एक निर्णय सोपा नव्हता. डोनेपेझिल कमी केल्याने स्मृती आणखी घसरेल का, ही मुलीची काळजी होती. डॉक्टरांनी सांगितले की थोडे तसे होऊ शकते, परंतु झोप, शौच आणि मनःशांती यांची किंमत देऊन ती मात्रा चालू ठेवण्यात आजींचा फायदा नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचे ठरले.

घरातील बदल साधे होते, पण प्रत्येकामागे निरीक्षण होते. मोटर सकाळी चालवायची ठरली आणि टाकीला आपोआप पाणी बंद करणारा फ्लोट बसवला. साडेपाचलाच खोलीतील सर्व दिवे लावून पडदे ओढून घ्यायचे, म्हणजे काचेतील अंधार आणि स्वतःचेच प्रतिबिंब दिसणार नाही. बातम्या वरच्या मजल्यावर आणि दार लावून. दुपारची झोप पाऊण तासाहून अधिक नाही, आणि पाऊस नसेल तर चार वाजता अंगणात फेरी. दर दोन तासांनी ताईंनी स्वतः न्हाणीघरात न्यायचे. परकराच्या नाडीची गाठ आजींना वेळेत सुटत नसे, हे ताईंच्या लक्षात आले होते. इलॅस्टिकचे कपडे शिवून घेतल्यावर निम्मे ओले प्रसंग थांबले. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू आणि दार अर्धे उघडे ठेवले. फाटकाला कुलूप न लावता वरच्या बाजूस कडी आणि घंटा बसवली, शेजारी आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कल्पना दिली, आणि आजींच्या गळ्यात मुलाचा फोन क्रमांक कोरलेले पदक घातले.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती आजींना उत्तर काय द्यायचे यावर. मुलगा म्हणे, ‘आई, पूर १९६१ साली आला होता, आता काही नाही.’ हे खरे होते आणि प्रत्येक वेळी त्याने आजी अधिक बिथरत, कारण ज्याला पाणी ऐकू येते त्याला ‘पाणी नाही’ असे सांगणे म्हणजे त्याला एकटे पाडणे. सूनबाई ‘हो हो, चला’ म्हणून वेळ मारून नेत, पण मग आजी खरोखरच सामान बांधायला लागत. ताईंना प्रश्न पडला होता की आजारी माणसाशी खोटे बोलावे का; त्यांना ते पाप वाटत होते, आणि त्यांच्या या संकोचाचा मला आदर वाटतो.

मार्ग नाशिकच्या मुलीने दिला. तिला लहानपणी आईकडून ऐकलेली हकीकत आठवत होती. पुराच्या दिवशी पळापळीत आजींचा धाकटा भाऊ चुकला होता. घरचे लोक उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे पोचले, तो पोचला नाही, आणि रात्री उशिरा एका शेजाऱ्याने त्याला आणून सोडले. आजी पाण्याला भीत होत्याच, पण त्या खिडकीशी उभ्या राहून शोधत होत्या ते भावाला. हे कळल्यावर ताई म्हणू लागल्या, ‘आजी, धाकटा भाऊ सापडला की. शेजाऱ्यांनी आणून सोडला. सगळे सुखरूप पोचले.’ यातील एकही शब्द खोटा नव्हता. तो सापडला होता आणि सगळे सुखरूप पोचले होते. पहिल्या दिवशी आजींनी तीन वेळा विचारले, ‘भिजला होता का गं?’ ताईंनी सांगितले, ‘भिजला होता, पुसून कोरडे कपडे दिले, गरम दूध दिलं.’ मग त्या पलंगावर बसल्या. त्यानंतर ताई त्यांच्या हातात वाती वळायला कापूस देत आणि हात कामात गुंतले की मनही थाऱ्यावर येई.

रुग्णाच्या भ्रमाला दुरुस्त न करता त्यामागील भावनेला उत्तर द्यावे, हे तत्त्व प्रशिक्षणात सांगितले जाते. पण ते उत्तर कोणते, हे त्या माणसाचे आयुष्य माहीत असल्याशिवाय सापडत नाही.

शेवटचा निर्णय ताईंच्या विश्रांतीचा होता. रात्री तीन-चार वेळा उठून, आजींना धरून नेऊन, पुन्हा सकाळी सहापासून काम, असे आठवडेच्या आठवडे चालले होते. चोवीस तासांच्या कामाचा दर दोन पाळ्यांपेक्षा कमी पडतो, म्हणून बहुतेक घरे तोच निवडतात. मी घरच्यांना सांगितले की झोप न झालेल्या माणसाच्या हातून औषधांची चूक होते, आजींना उचलताना पाय घसरतो आणि आवाजही चढतो. मुलीने रात्रपाळीचा खर्च उचलला. ताईंना दिवसपाळी आणि आठवड्याची सुट्टी मिळाली.

परिणाम

मूत्राशयाची गोळी बंद केल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत शौच नियमित झाले आणि दुपारची पेंग कमी झाली. ऑगस्टच्या अखेरीस आजी बहुतेक रात्री एकदाच उठत. संध्याकाळची भीती पूर्ण गेली नाही; मुसळधार पावसाच्या दिवशी ती परत येत असे, पण पंधरा-वीस मिनिटांत ओसरत असे. शांत करणारी गोळी लागली नाही.

स्मृती सुधारली नाही. सप्टेंबरमध्ये नातीच्या नावाऐवजी त्या तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. हे मात्रा कमी केल्यामुळे झाले की आजाराच्या ओघात, हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून कमी मात्राच कायम ठेवली. नात आता त्या नावालाही ओ देते.

रात्रपाळीच्या नव्या ताई आल्या तेव्हा एक अडचण झाली. त्यांना भावाची हकीकत कोणी सांगितली नव्हती. पहिल्याच पावसाळी रात्री त्या म्हणाल्या, ‘काही पूर-बिर नाही, झोपा.’ आजी पहाटेपर्यंत जाग्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दिवसपाळीच्या ताईंनी स्वतः वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले की पाणी आले म्हटल्यावर काय बोलायचे, काय बोलायचे नाही, आणि वाती कुठे ठेवल्या आहेत.

काय वेगळे करता आले असते

नवी गोळी सुरू होताना आधीच्या सर्व गोळ्यांची एकच यादी डॉक्टरांसमोर ठेवली असती, तर ही साखळी बहुधा जूनमध्येच तुटली असती. यासाठी फार काही लागत नाही: एक फाइल, आणि तीत सर्दीच्या गोळीपासून आयुर्वेदिक चूर्णापर्यंत सारे काही. प्रत्येक नव्या गोळीच्या वेळी ‘ही तक्रार आधीच्याच एखाद्या गोळीमुळे तर नाही ना?’ असे घरच्यांनी विचारावे. डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

रुग्णाचा जीवनवृत्तांत काम सुरू होतानाच घ्यायला हवा. माहेर कुठले, नोकरी कोणती, कोणत्या गोष्टीची भीती, कोणते माणूस गमावले, हात कशात रमतात, एवढे दोन पानांत मावते. या घरात ते मुलीकडून जुलैच्या अखेरीस कळले, आणि तेही योगायोगाने.

दागिन्यांबाबतचा नियम पहिल्या दिवशीच व्हायला हवा होता. मौल्यवान वस्तूंची यादी करून त्या घरच्यांनी स्वतःकडे ठेवाव्यात आणि रुग्णाच्या अंगावर हव्याच असतील तर साध्या धातूच्या बांगड्या घालाव्यात. आळ आला तर काय करायचे, हेही ब्यूरो, घर आणि ताई यांनी आधीच ठरवून लिहून ठेवावे: ताईंची पिशवी तपासायची नाही, आधी रुग्णाच्या नेहमीच्या जागा सर्वांनी मिळून शोधायच्या. असा लेखी नियम बहुतेक ठिकाणी नसतो, आणि त्याअभावी चांगल्या काळजीवाहक बायका हे काम कायमचे सोडून जातात.

ताईंना डॉक्टरांकडे नेण्याचा निर्णय तीन आठवडे उशिरा झाला. सध्या दर भेटीला त्या सोबत जातात आणि डॉक्टर पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात. पुढील भेटीत आजींच्या गिळण्याच्या त्रासाविषयी बोलायचे आहे. गेल्या महिन्यापासून पातळ पदार्थ घेताना त्यांना ठसका लागतो, अशी नोंद वहीत दिसू लागली आहे.